किलोच्या भावाने गेलेलं दौलताबाद

आत्याच्या जुन्या बंबाला डाख लावून घ्यायला मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी भांड्यांच्या दुकानात बसलो होतो. एक म्हातारे गृहस्थ आले आणि त्यांनी मोडीच्या तराजूत पिशवी रिकामी केली. फुटकं घंगाळ, नळाची तोटी, एका तांब्याचा चेपलेला गळा, आणि या सगळ्यातून घरंगळत आलेली चाळीसेक जाड, ओबडधोबड नाणी. दुकानदाराने त्यातली काही बोटाने वेगळी काढली. "बाबा, ही पिवळी पितळेची आहेत. यांचा भाव कमी." म्हातारबांनी मान हलवली. नांगरताना निघतात, म्हणाले. उर्दू पैसे आहेत, ठेवून काय करायचे?

त्यातली पाच नाणी मी मोडीच्या भावाने विकत घेतली. तेव्हा मला ती वाचता येत नव्हती. फारसी जाणणाऱ्या एका स्नेह्याने पिवळ्यांपैकी एक भिंगाखाली धरलं आणि कडेची अक्षरं सावकाश लावून दिली: दर तख्तगाह-ए-दौलताबाद, साल बर हफ्तसद सी. तख्ताची जागा दौलताबाद, साल सातशे तीस. हिजरी 730, म्हणजे इ.स. 1329-30. मुहम्मद बिन तुघलकाचं ते प्रसिद्ध सांकेतिक नाणं माझ्या तळहातावर होतं. आठवड्याने मी त्या दुकानात परत गेलो, तोवर बाकीची भट्टीत गेली होती.

त्या पस्तीस नाण्यांवर काय होतं, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. काही बहमनी असतील, काही निजामशाही असतील. ती एकाच गाडग्यातून निघाली की वर्षानुवर्षं एकेक करून वर आली, हे मी त्या गृहस्थांना विचारलं नाही. शेत कोणत्या शिवारात आहे तेही विचारलं नाही. तहसील कचेरी हाकेच्या अंतरावर होती. तिथे कळवायला हवं होतं, मी कळवलं नाही. ही माझी चूक गेली कित्येक वर्षं मला बोचते आहे, आणि तीच चूक आज आपल्या राज्यात कोणी ना कोणी करतो आहे, म्हणून हा लेख लिहितो आहे.

त्या पिवळ्या नाण्याच्या मधल्या गोलात आणखी एक ओळ आहे. मुहर शुद तनका-ए-राइज, दर रोजगार-ए-बंदा-ए-उम्मीदवार मुहम्मद तुघलक. कृपेची आस धरून असलेला दास मुहम्मद तुघलक, त्याच्या काळात हे चलनी टंक म्हणून छापलं गेलं, असा तिचा अर्थ. आता ती ओळ मोठ्याने म्हणून पाहा. मोहर, टंका, रोजगार, बंदा, उमेदवार. फारसीत रोजगार म्हणजे दिवस, काळ. आपण तो शब्द पोटापाण्याच्या कामाला लावला. उम्मीदवार म्हणजे आशेवर असलेला. आपण निवडणुकीला उभं राहणाऱ्याला तसं म्हणतो. आणि तनका? तो तर मूळचा संस्कृत टंक. त्याच्याच घरातला टांकसाळ हा शब्द. सुमारे सातशे वर्षांपूर्वी दख्खनमध्ये पाडलेल्या नाण्यावर एक फारसी वाक्य आहे आणि त्यातले निम्मे शब्द आज शाळकरी मुलालाही ओळखीचे वाटतील. अशा नाण्याला "उर्दू पैसे" म्हणून तराजूत टाकताना आपण आपल्याच भाषेचा दाखला वितळवत असतो.

पाठ्यपुस्तकात या नाण्याला तीन ओळी मिळतात: सुलतानाने तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या मोलाने चालवायला काढली, लोकांनी घरोघर खोटी पाडली, योजना फसली. बरनी या समकालीन इतिहासकाराने तर घर न् घर टांकसाळ झालं असं लिहून ठेवलं आहे. कल्पना मात्र पोरकट नव्हती. चीनमध्ये कागदी चलन चालत होतं, इराणमध्ये 1294 साली तसा प्रयोग होऊन फसलेला होता. तुघलकाने धातू घेतला, पण खरं-खोटं ओळखण्याची खूण सरकारच्या हाती ठेवली नाही. तीनेक वर्षांत ही नाणी मागे घ्यावी लागली, खजिन्यातून त्यांच्या बदल्यात सोनं-चांदी द्यावी लागली, आणि परत आलेल्या नाण्यांचे ढीग तुघलकाबादेत पडून राहिले असं बरनी सांगतो.

पण खोटी नाणी पाडली गेली ती कुठे? दिल्लीच्या आसपास की दौलताबादच्या वाटेवर? सोनारांच्या आळीत की खेड्यांत? बरनीने दिल्लीत बसून लिहिलं. या प्रश्नांना उत्तर द्यायचं तर एकच साक्षीदार उरतो: ती नाणी नेमकी कोणत्या शिवारात निघाली याची नोंद. खोटं नाणंसुद्धा इथे खऱ्याइतकंच मोलाचं आहे. एकाच सदोष ठशाची पाच नाणी एकाच गावात निघाली, तर त्या गावात कोणाच्या तरी मागच्या पडवीत काय चाललं होतं ते कळू शकतं. तीच पाच नाणी गावाचं नाव हरवून पाच शहरांतल्या पाच संग्राहकांकडे गेली, की ती नुसती वस्तू होऊन बसतात. नाणं वाचलं तरी त्याची साक्ष गेलेली असते.

दौलताबादचा तो एकटा डोंगर घ्या. यादव तिथे राज्य करत होते तेव्हा कमळाची खूण असलेले सोन्याचे पद्मटंक पाडत. अलाउद्दीन खिलजीच्या अखेरच्या वर्षांत नाण्यांवर "किला देवगीर" अशी टांकसाळ येते. मग तुघलकाचं "तख्तगाह दौलताबाद". मग 1346-47 मध्ये दिल्लीविरुद्ध बंड करून दौलताबादेत तख्तावर बसलेल्या नासिरुद्दीन इस्माईल शाहाची नाणी. त्याचं राज्य काही महिन्यांचं. पण तेवढ्या काळातही त्याने तांब्यावर स्वतःचं नाव उमटवून घेतलं, कारण खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या प्रवचनात, नाव आणि नाण्यावर नाव, या दोन गोष्टींशिवाय कोणी सुलतान ठरत नसे. 3 ऑगस्ट 1347 ला त्याच्या जागी हसन बहमन शाह आला आणि राजधानी गुलबर्ग्याला गेली. पुढे निजामशाही, आणि 1633 मध्ये किल्ला घेतल्यावर शाहजहान. एका डोंगराची एवढी चरित्रकथा धातूवर लिहिलेली आहे, आणि तिचे सुटे कागद आजूबाजूच्या शेतांत विखुरलेले आहेत.

बहमनींच्या बाबतीत तर नाण्यांनी थेट इतिहासकाराची चूक दुरुस्त केली. फिरिश्ता हा दख्खनच्या इतिहासाचा मोठा आधार. विजापूरच्या दरबारात बसून सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने ग्रंथ लिहिला. 1378 ते 1397 या काळात राज्य केलेल्या बहमनी सुलतानाचं नाव त्याने महमूद असं दिलं. त्याच्यावर विसंबून पुढच्यांनी तेच लिहिलं. नाणी मात्र मुहम्मद म्हणतात, आणि शिलालेखही तसंच म्हणतात. घराण्याच्या संस्थापकाची गोष्टही तशीच. गंगू नावाच्या ब्राह्मणाच्या चाकरीतला हसन, म्हणून ब्राह्मणावरून वंशाचं नाव बहमनी, ही कथा फिरिश्त्यानेच लोकप्रिय केली. पण हसनच्या चांदीच्या टंक्यावर त्याने स्वतःसाठी कोरून घेतलेलं नाव अलाउद्दुनिया वद्दीन अबुल मुजफ्फर बहमन शाह असं आहे. बहमन हा इराणच्या पुराणकथांमधला राजा. आपली ओळख कोणाशी जोडायची हे त्याने ठरवलं होतं आणि ते प्रजेच्या हाती रोज जाणाऱ्या वस्तूवर लिहून ठेवलं होतं. तमिळनाडूतल्या मदुराईच्या सल्तनतीचं उदाहरण याहून बोलकं आहे. चौदाव्या शतकातलं ते अल्पजीवी राज्य. त्याच्या सुलतानांची यादी आपल्याला लावता आली ती मुख्यतः इब्न बतूताच्या प्रवासवर्णनामुळे आणि त्यांच्या लहानशा नाण्यांमुळे. ती नाणी वेळीच वितळली असती, तर काही राजे इतिहासातून नावासकट नाहीसे झाले असते.

कोणी म्हणेल, ही परकीयांची नाणी, आपल्याला काय? हा प्रश्न मला सभांमधून अनेकदा विचारला जातो, आणि मी तो गांभीर्याने घेतो. गझनीच्या महमूदाने 1027-28 च्या सुमारास लाहोरला पाडलेल्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला अरबी कलमा आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याच अर्थाचं संस्कृत, "अव्यक्तमेकं" असं सुरू होणारं. मुहम्मद घुरीच्या सोन्याच्या नाण्यांवर बैठी लक्ष्मी आहे आणि त्याचं नाव नागरीत आहे. शेरशाहाच्या रुपयांवर नागरी अक्षरं आहेत. विजेत्यांनी हे प्रेमाने केलं असा दावा मी करत नाही. बाजारात नाणं चाललं पाहिजे, गावातल्या पारख्याने ते ओळखलं पाहिजे, म्हणून केलं. पण म्हणूनच त्या नाण्यात सुलतानाइतकाच तो पारखीही आहे. उलट बाजूने पाहा. पुण्यात पेशवाईतला अंकुशी रुपया चालत होता. त्यावर अंकुशाची खूण आपली आणि मजकूर फारसीत, मुघल बादशहाच्या नावाने. पेशव्यांचा रुपया आपला मानायचा असेल, तर फारसी अक्षरांना परकं म्हणून भट्टीत टाकता येणार नाही.

आपल्या बोलीत तर हा सगळा व्यवहार अजून जिवंत आहे. नावाला बट्टा लागतो तो मुळात नाण्याला लागायचा: झिजलेल्या, जुन्या किंवा परक्या टांकसाळीच्या नाण्यामागे सराफ जी वजावट कापायचा ती बट्टा. सराफ हा शब्द अरबीतून आला. पोतदार हा गावगाड्यातला माणूस. वसुलात आलेलं नाणं खरं की खोटं हे तो पारखून सांगायचा. जुन्या चांदीच्या टंक्यांवर बारीक छिन्नीचे घाव दिसतात, छोटे छोटे शिक्के दिसतात. ते नुकसान नव्हे. धातू आतपर्यंत खरा आहे का हे पाहणाऱ्या सराफांचे ते हात आहेत. दख्खनमध्ये सापडलेल्या अशा नाण्यावर कोणा पोतदाराची खूण असेल, तर त्या अनाम माणसाचा जगात उरलेला एकमेव दस्तऐवज तोच असू शकतो. सराफ, पोतदार, टंकसाळे, पारखी ही आडनावं लावणाऱ्या आजच्या मराठी घरांनी तरी या नाण्यांची बाजू घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

आता ही नाणी जातात कशी ते सांगतो, कारण वाचवायचं तर वाटा माहीत हव्यात. सोन्याचं नाणं सर्वांत आधी जातं. सापडल्याच्या रात्रीच ते आटवलं जातं, कारण चौकशीची भीती असते. चांदीच्या नाण्याला कडी जोडतात आणि ते गळ्यात जातं. तांब्याचं मोडीत जातं, किलोच्या भावाने, आणि याचं दुःख मला सर्वांत अधिक आहे, कारण सामान्य माणसाच्या हातात असायचं ते तांबंच. सोन्याची नाणी खजिन्यात राहिली. भाजी, मीठ, तेल तांब्यावर घेतलं गेलं. गोदावरीच्या काठच्या जुन्या गावांत पाऊस ओसरल्यावर झारेकरी वाळू धुतात, त्यांच्या पाटीत नाणी येतात. ती ज्याच्याकडे जातात तो ती चिंच, लिंबू किंवा तेजाब लावून लख्ख करतो, आणि शतकांची रापलेली हिरवट-काळी साय निघताना अक्षरांच्या कडाही निघतात. गड-किल्ल्यांवर धातुशोधक यंत्रं घेऊन रात्री फिरणारी टोळकी आता आली आहेत. ती तर थराथरांत जपलेला काळच उकरून टाकतात.

पण सर्वांत मोठा घात शांतपणे होतो. गाडगं सापडतं, त्यातली चांगली नाणी निवडली जातात, बाकीची वेगळी विकली जातात आणि गाडगं फेकून दिलं जातं. साठा म्हणजे कोणीतरी एका दिवशी पुरलेला काळ असतो. त्यात कोणत्या राजांची नाणी एकत्र चालत होती, कोणती झिजलेली होती आणि कोणती कोरी, शेवटचं साल कोणतं, यावरून त्या वर्षी त्या गावावर काय आलं असेल याचा माग लागतो. परमेश्वरीलाल गुप्त यांनी 1970 साली महाराष्ट्रात सापडलेल्या नाण्यांच्या साठ्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या जाणिवेतून. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर भागात लाऱ्यांचा साठा निघाला होता. लारी म्हणजे चांदीची दुमडलेली तार, दोन्ही अंगांना ठसा मारलेली; इराणमधल्या लार शहरावरून तिचं नाव पडलं आणि आदिलशाहीत कोकणच्या बंदरांवर ती चालली. संगमेश्वरची नोंद झाली म्हणून आज आपण सांगू शकतो की हे चलन बंदरावरच थांबलं नाही, आतल्या खोऱ्यांतही पोचलं होतं. नोंद नसती तर त्या वाकड्या तारा कोणी चमचे करायला वापरल्या असत्या.

अलीकडचं उदाहरण पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागातलं. तिथे बांधकामाच्या खोदकामात निघालेली 216 सोन्याची नाणी 2022 साली पोलिसांनी ताब्यात घेतली. अठराव्या शतकातली ती मुघल नाणी वाचली ती पोलिसांना कुणकुण लागली म्हणून. कायदा आपलं काम करतो म्हणून नव्हे. आपला निखात निधीचा कायदा 1878 चा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं, न कळवल्यास शिक्षा, असं तो सांगतो. सरकारने ते संग्रहासाठी घ्यायचं ठरवलं तर धातूची किंमत आणि तिच्या एक-पंचमांश जास्त एवढी रक्कम द्यावी, असंही सांगतो. म्हणजे तांब्याच्या दोन किलो नाण्यांना मोडीच्या भावावर थोडी भर. शेतकऱ्याने एवढ्यासाठी नांगर सोडून कचेरीत चकरा का माराव्यात? धातूपलीकडे नाण्याला मोल असतं हे त्या कायद्याला मान्यच नाही. इंग्लंडने 1996 साली आपला कायदा बदलला, आणि त्यात सापडलेल्या निधीला बाजारभावाने मोबदला देण्याची तरतूद आहे. त्याच्या जोडीला 1997 पासून गावोगावच्या लोकांनी दाखवलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारी यंत्रणा उभी राहिली. त्या नोंदी दहा लाखांच्या पुढे गेल्या आहेत. ज्यांच्या राज्यात आपला कायदा झाला त्यांनी आपल्या घरचे नियम बदलले, आपण मात्र 1878 ला चिकटून बसलो आहोत.

राज्यातल्या आमदार-खासदारांना माझी पहिली मागणी हीच आहे. या कायद्यात बदलासाठी आवाज उठवा. खरं मोल द्या, आणि कळवणाऱ्याला आरोपीसारखं वागवू नका. तोवर प्रत्येक तहसील कचेरीत नाण्यांसाठी एक साधी नोंदवही ठेवायला कसला कायदा लागतो? विद्यापीठांना मागणी अशी की मोडी लिपीचे वर्ग चालतात तसे नाण्यांवरच्या फारसी-अरबी अक्षरांचे वर्ग चालवा. मजकूर ठरावीक असतो: पदवी, नाव, टांकसाळ, साल. इतिहासाची आवड असलेल्या माणसाला त्यातलं पुष्कळसं शिकता येतं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. शाळांच्या सहली रिसॉर्टला जातात तशा तिथेही जाऊ द्या.

संग्राहक मित्रांनो, तुमच्यामुळे बरंच काही वाचलं आहे, हे मी कृतज्ञतेने म्हणतो. पण नाणं कुठून आलं हे विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि कळलेलं लिहून ठेवा. तुमच्या खणांतल्या नाण्यांची छायाचित्रं अभ्यासकांना पाहू द्या.

आणि तांबट, सराफ, मोडीचे दुकानदार यांना एक गोष्ट सांगायची आहे. दिल्लीच्या टांकसाळीत अलाउद्दीन खिलजी आणि कुतुबुद्दीन मुबारक शाह यांच्या काळात ठक्कुर फेरू नावाचा जैन अधिकारी होता. देशोदेशीची नाणी त्या टांकसाळीत यायची आणि आटवली जायची. 1318 साली त्याने "द्रव्यपरीक्षा" हा ग्रंथ लिहिला, आणि त्यात कोणत्या राजाचं नाणं किती वजनाचं, किती कसाचं, हे नोंदवून ठेवलं. ज्याच्या डोळ्यांदेखत नाणी वितळत होती, त्यानेच ती लिहून ठेवली. त्याच्या पोथीची एक प्रत गेल्या शतकात कोलकात्याच्या एका ग्रंथभांडारात उजेडात आली, आणि जी नाणी आज मिळतही नाहीत त्यांची माहिती आपल्याला त्यातून मिळते. तुमच्या हातात आज फेरूपेक्षा चांगलं साधन आहे, तुमचा मोबाइल. तराजूत अक्षरं असलेलं नाणं आलं तर ते बाजूला ठेवा. दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, वजन लिहा, आणणाऱ्याला गाव आणि शिवार विचारा, आणि जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना किंवा तहसीलदारांना कळवा. काट्यावर त्याचा भाव काहीही लागो, ते भट्टीत टाकू नका.

शेतकरी बंधू-भगिनींनो, नांगराला गाडगं लागलं तर ते फोडू नका, नाणी घासू नका, वाटून घेऊ नका. गाडग्याचा फुटका काठसुद्धा जपा. कचेरीत एकट्याने जायची भीती वाटत असेल तर गावातल्या शिक्षकांना, सरपंचांना बरोबर न्या, आणि कळवल्याची पोच लेखी घ्या.

माझ्याकडची ती पाच नाणी आता माझी नाहीत. जेवढं मला ठाऊक होतं तेवढं कागदावर लिहून, दुकान कुठलं, दिवस कोणता, मी काय विचारायला विसरलो हेही लिहून, ती मी संग्रहालयात दिली आहेत. तुमच्या देवघरातल्या डबीत, आजीच्या पेटीत, गल्ल्याच्या तळाशी असं एखादं जाड, काळवंडलेलं, न वाचता येणारं नाणं असेल. आज रात्री ते काढा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा की हे कुठून आलं. जे सांगतील ते लगेच लिहून ठेवा.